खोळीच्या आतले काम

गेल्या वर्षी फेब्रुवारीत, जुम्याची नमाज पढून आम्ही दुकानाचे शटर वर करत होतो, तेवढ्यात एक लाल, बुटकी, उघड्या टपाची गाडी दारात येऊन थांबली. आसपासची पोरे लगेच गोळा झाली. गाडीतले गृहस्थ मात्र उतरेनात. आधी एक पाय बाहेर आला, मग दाराला धरलेला हात, मग बराच वेळ काहीच नाही. शेवटी आम्ही दोघा भावांनी हात दिला तेव्हा ते उभे राहिले, आणि कमरेवर हात ठेवून तसेच वाकलेले राहिले.

“सीट मऊ करून द्या,” एवढेच ते म्हणाले.

आमचे मिरजेत कुशनचे दुकान आहे. जीप, टेम्पो, रिक्षा, ट्रॅक्टर, दवाखान्यातली बाकडी, लग्नाच्या हॉलमधले सोफे, जे येईल ते करतो. अशी गाडी आमच्याकडे पहिल्यांदाच आली होती. 1972 सालची एमजीबी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. इंग्लंडात ॲबिंग्डन नावाच्या गावी 1962 पासून 1980 पर्यंत ही गाडी बनत होती आणि त्या काळात पाच लाखांवर गाड्या बाहेर पडल्या. आता रस्त्यावर एमजीच्या ज्या मोठ्या गाड्या दिसतात त्यांचा हिच्याशी नावापुरताच संबंध. ही दोन माणसांची गाडी. सर सांगलीचे, कॉलेजातून निवृत्त झालेले, वय 67. पंचवीसेक वर्षांपूर्वी मुंबईहून त्यांनी ती घेतली होती आणि इंजिनाचे काम स्वतः शिकून घेतले होते. आता अर्धा तास चालवली की कंबर धरायची आणि डाव्या पायाला मुंग्या यायच्या. पुण्याचा मुलगा म्हणत होता, विकून टाका.

गाडीकडे पाहून मान हलवत हलवत आम्ही दोन्ही सीटा सोडवून घेतल्या.

खोळ उसवली तर आतून पिवळी भुकटी खाली सांडली. तो जुना फोम. ऊन, ओल आणि वय यांनी फोमचा चुरा होतो, त्यात नवल नाही. नवल त्याच्याखाली होते. या गाडीच्या सीटला स्प्रिंगा नसतात. लोखंडी नळीची चौकट असते, तिच्या कडेने भोके असतात, आणि त्या भोकांत तारेचे आकडे अडकवून एक जाड रबराचे पान डफाच्या कातड्यासारखे ताणून बसवलेले असते. फोम त्या पानावर. माणूस बसला की फोम दबतो आणि पानही खाली जाते. पन्नास वर्षांत ते रबर कडक होऊन तडकणारच. सरांच्या गाडीत ते नव्हतेच. कोणीतरी आधीच काढून टाकले होते आणि त्याच्या जागी प्लायवूडची फळी ठेवून वर गोणपाटाची घडी घातली होती.

फळी आम्ही पाहिली. दोघांनीही पाहिली. पण लग्नसराईचे दिवस, हॉलचे दोनशे कुशन उरावर, आणि तसले रबर मिरजेत कुठून आणायचे हा प्रश्न. फळी पुसून परत आत ठेवली. तिच्यावर 4 इंची, 40 डेन्सिटीचा नवा फोम कापून चिकटवला, काळ्या रेग्झीनची खोळ, लाल गोट, टाके एका रेषेत. सीट शोरूममधून आणल्यासारखी दिसत होती. बिल 11,500 रुपये. त्यात एक ओळ होती : ‘सीट बेस रिपेअर, 1,800’. ती ओळ धाकट्याने लिहिली आणि थोरल्याने वाचून सही केली.

पंधरा दिवसांनी सरांचा फोन आला. आवाजात राग नव्हता. म्हणाले, मांड्या आता स्टेअरिंगला घासतात, टप लावला की डोके वरच्या कापडाला लागते, आणि गाडी खड्ड्यात आदळली की हाड फळीवर आपटते ते आपटतेच. “राहू द्या, तुमचा दोष नाही. गाडीच जुनी आहे आणि मीही जुना आहे. गाडीला गिऱ्हाईक बघायला मुलाला सांगितलंय.”

फोन ठेवल्यावर धाकटा म्हणाला, “बरं झालं, तक्रार नाही.” थोरला काही बोलला नाही. त्या दिवशी दुपारी आम्ही दोघे एकमेकांशी कामापुरतेच बोललो.

एकाच वेळी सीट उंचही झाली आणि कडकही लागते, हे कसे? आमच्यासारख्या कुशनवाल्यांना हे कळायला हवे होते. मूळ सीटमध्ये निम्मे काम खालचे रबर करते. माणूस बसला की ते दीड-दोन इंच खाली जाते, म्हणून वर जाड फोम असूनही बैठक खोल राहते. फळी तसूभर हलत नाही. म्हणजे तोच जाड फोम फळीवर ठेवला की माणूस वर येतो, आणि धक्का बसला की फोम दबून दबून संपतो व पुढे लाकूड. जीपमध्ये ही चूक खपते, कारण तिथे आपण खुर्चीत बसल्यासारखे बसतो, पाय खाली असतात आणि थोडा भार पाय घेतात. एमजीबीत माणूस जमिनीपासून वीतभर उंचीवर, पाय समोर लांब करून बसतो. पायांवर भार नाहीच. सगळे वजन बसण्याच्या दोन हाडांवर आणि कमरेवर. वर उशी टाकायलाही जागा नाही. वर स्टेअरिंग, त्याच्यावर टप.

आणि डेन्सिटी. गिऱ्हाईक विचारते, कडक हवा, किती डेन्सिटीचा देता? डेन्सिटी म्हणजे फक्त वजन, एक घनमीटर फोमचे किलो किती ते. 40 डेन्सिटीचा फोम मऊही असतो, कडकही असतो. जास्त डेन्सिटीचा फोम साधारणपणे जास्त दिवस टिकतो, हे खरे. पण तो किती मऊ हे हाताने दाबूनच बघावे लागते. हे आम्ही बहुतेकांना सांगत नाही, कारण आकडा सांगितला की सौदा लवकर होतो. आता लिहितोच आहोत तर हेही लिहून टाकतो.

आमचे घराणे पिंजाऱ्यांचे. कुठे नदाफ म्हणतात, कुठे मन्सूरी. मन्सूरी हे नाव मन्सूर हल्लाज यांच्यावरून आले असे आमच्यात सांगतात. अरबीत हल्लाज म्हणजे कापूस पिंजणारा. अब्बांनी आयुष्याची चाळीस वर्षे पिंजण खांद्यावर टाकून तासगाव, कवठे महांकाळकडची गावे पायाखाली घातली. पिंजणीच्या तातेवर दस्ता पडला की ‘तुंय तुंय’ असा आवाज निघायचा आणि त्यावरूनच आयाबायांना कळायचे की गादीवाला आला. मग फोम आला. 2003 साली आम्ही हे दुकान टाकले तेव्हा अब्बा वर्षभर दुकानाची पायरी चढले नाहीत. लोकांना सांगायचे, माझी पोरं स्पंजवाली झाली. आता 79 वर्षांचे आहेत, डोळ्यांना कमी दिसते, आणि रोज सकाळी येऊन मागच्या बाजूला कापडाच्या ठाणांवर बसतात.

त्या रात्री जेवताना थोरल्याने बिलातली ती ओळ अब्बांना सांगितली. (घरात आम्ही दखनी बोलतो, इथे मराठीत लिहितो आहोत.) अब्बा जेवत राहिले. मग विचारले, “फळी कुणी ठेवली?”

“आधीच होती.”

“ते नाही विचारलं. परत कुणी ठेवली?”

अम्मीने भाकरी वाढता वाढता मदिनेच्या बाजारातल्या धान्याच्या राशीची गोष्ट काढली. वाचकांपैकी कोणाला ती ठाऊक नाही? हजरत अबू हुरैरा (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. प्रेषित (स.) यांनी राशीत हात घातला तर वर कोरडे आणि आत ओले. विक्रेता म्हणाला, पावसाने भिजले. तर मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विचारले. आम्ही ही गोष्ट मदरशात ऐकली, जुम्याच्या बयानात ऐकली, आणि दरवेळी धान्याच्या व्यापाऱ्याबद्दलच आहे असे समजून ऐकली. आमच्या धंद्यात तर वर ठेवायला काही असतेच असे नाही. आमचा धंदाच मुळी झाकण्याचा आहे. चांगली खोळ घातली की आत कापूस आहे, नवा फोम आहे, फोमच्या तुकड्यांचा दाबून केलेला ठोकळा आहे की गोणपाट आहे, हे गिऱ्हाइकाला वर्षभर कळत नाही. कळते तेव्हा ते स्वतःच्या पाठीला दोष देते.

दुसऱ्या दिवशी फज्रनंतर आम्ही मोटारसायकलने सांगलीला गेलो. सरांनी दार उघडले, आत बोलावले, चहा सांगितला. आम्ही चहाच्या आधीच सांगून टाकले, की बेसचे काम केलेले नाही आणि त्याचे 1,800 रुपये घेतलेले आहेत. पैसे टेबलावर ठेवले. आम्हाला वाटले होते, ते ‘अहो राहू द्या’ म्हणतील. ते म्हणाले नाहीत. नोटा मोजल्या, खिशात घातल्या आणि विचारले, “आता नीट करता येईल का?”

हे थोडे लागले. पण हिशेब बरोबर होता.

गाडी आली. अब्बांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिले, म्हणजे हाताने चाचपले, आणि म्हणाले, मला बसवा. लुंगीतल्या माणसाला एमजीबीत बसवणे सोपे नाही. दोन जणांनी धरले, एकाने पाय आत घेतले, सर स्वतः दार धरून उभे होते. अब्बा वीस मिनिटे बसले. काही बोलले नाहीत, एकदा तसबीह काढली. मग मांडीखाली तळहात सरकवून सरकवून बघू लागले. गादीवाले असेच बघतात. हात कुठे सहज जातो आणि कुठे अडतो, यावरून भार कुठे आहे ते समजते. बाहेर आल्यावर म्हणाले, “पोरांनो, गादी खालून बांधतात. तुम्ही वरून भरलीत. भरू नका, आता काढा.”

मग सरांना म्हणाले, “साहेब, तुम्ही या पुठ्ठ्यावर बसा.”

हा पुठ्ठा म्हणजे सामानाच्या खोक्याचा, आत नागमोडी कागद असलेला. कठीण बाकावर ठेवून त्यावर माणूस पाच मिनिटे बसला की बसण्याच्या दोन हाडांचे दोन खळगे उमटतात. सरांचे खळगे साडेचार इंचांवर आले. तेवढ्या अंतरावर आम्ही नव्या फोमवर खडूने दोन वर्तुळे काढली.

फळी काढली. रबराचे पान मिळणार नव्हते, पण सोफ्याला लावतात ती 2 इंची रबरी पट्टी आमच्याकडेच रिळाने पडलेली होती, आणि हे आधी सुचले नाही याचे आजही वाईट वाटते. चौकटीची भोके शाबूत होती. पट्टीचे टोक लोखंडी सळईच्या तुकड्यावर दुमडून नायलॉनच्या दोऱ्याने शिवले, सळईला जाड तारेचा आकडा, आकडा भोकात. आडव्या पाच पट्ट्या, उभ्या तीन, चटईसारख्या एकमेकींतून विणलेल्या. ताण सगळीकडे सारखा ठेवला नाही. मागच्या पट्ट्या जराशा सैल, पुढच्या ताठ. त्यामुळे बसल्यावर बूड थोडे खाली जाते आणि मांड्यांना पुढून आधार मिळतो. अशा लांब पाय करून बसायच्या गाडीत हाच आधार नसेल तर माणूस हळूहळू पुढे घसरत राहतो, कमरेची कमान मोडते आणि अर्ध्या तासात पाठ बोलू लागते. सरांचे दुखणे बरेचसे यातलेच होते.

पट्ट्यांवर जाड फेल्ट घातले, नाहीतर फोम पट्ट्यांच्या कडांवर कापला जातो. त्यावर 2 इंच घट्ट फोम, त्यावर 1 इंच मऊ. खालच्या घट्ट फोममध्ये खडूच्या वर्तुळांपाशी अर्धा इंच खोलगट तासले, म्हणजे हाडांवरचा भार आजूबाजूच्या मांसावर पसरतो. कडेचे दोन उंचवटे घट्टच ठेवले. वळणावर माणसाला तेच धरतात. पुढची कड गोल केली. ती उंच आणि टोकदार राहिली की गुडघ्यामागे दाब येतो आणि पायाला मुंग्या येतात. एक इंच तासले, बसवून बघितले, अजून अर्धा इंच तासले. मेमरी फोम का नाही, असे सरांनी विचारले. आमच्याकडच्या उन्हात, उघड्या टपाच्या गाडीत तो तापतो, आणि तापला की फारच मऊ होतो. बिछान्यावर त्याचे कौतुक ठीक आहे.

पाठीची बाजू राहिली. कमरेपाशी ती आत गेलेली होती. थोरल्याच्या मनात आले की तिथे अब्बांच्या हातचा पिंजलेला कापूस भरावा. चाळीस वर्षांची कला, सरांनाही आवडेल, वगैरे. अब्बांनीच मोडता घातला. “कापूस बसतो. दर दोन वर्षांनी उसवून, ऊन देऊन, परत पिंजावा लागतो. ही खोळ दर दोन वर्षांनी कोण उसवणार? तू?” तिथे फोमच गेला. पण चार दिवसांनी त्यांनी माळ्यावरून पिंजण काढायला लावली, तिची तात दोनदा तुटली, तिसऱ्यांदा टिकली, आणि एक वीतभर रुंद, तीन बोटे जाड उशी त्यांनी करून दिली. वर मांजरपाटाची खोळ, बंद बांधायला दोन नाड्या. हिला ऊन देता येते, हिचा कापूस बदलता येतो. ती सीटच्या कामात धरली नाही.

या महिन्यात घरच्या गाडीने लांब जायचे असेल, तर एवढे जरूर करावे. गाडी जुनी आणि कंबर दुखत असेल, तर वर गादी विकत आणून टाकण्याआधी सीटच्या खाली वाकून बघावे. बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग तुटलेली किंवा पट्टी सुटलेली असते आणि ते काम थोडक्यात होते. कमरेला लावायची उशी पातळ हवी. जाड उशीने माणूस पुढे ढकलला जातो. रुमालाची गुंडाळी पुष्कळ होते. तासा-दीड तासाने उतरून चार पावले चालावे, सीट कितीही चांगली असली तरी. आणि नव्या गाड्यांत सीटच्या कडेला एअरबॅग असते. तिच्यावर जाड कव्हर ताणून शिवून देणारे आमच्यात आहेत. शिवू नका म्हणून सांगितले की गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते. जाऊ द्यावे.

दुसऱ्या कामाला नऊ दिवस लागले. ज्या दिवशी गाडी न्यायची त्या दिवशी जुहरनंतर सर बसले आणि आम्ही त्यांना उतरू दिले नाही. टप लावला, डोके आणि कापड यांच्यात चार बोटे राहिली. स्टेअरिंग आणि मांडी यांच्यात तळहात गेला. चाळीस मिनिटांनी त्यांनी पायाची बोटे हलवून पाहिली. मग दार उघडून, दाराला धरून, ते उठले. हात द्यावा लागला नाही, पण वेळ लागला. वय 67 आहे, सीट काही वय घेत नाही.

पैशांचे विचारले. आम्ही नाही म्हटले. त्यांनी आग्रह केला नाही, याचाही आम्हाला आदर वाटला.

महिनाभराने फोन आला, कोल्हापूरहून. सांगलीहून सुमारे 50 किलोमीटर, न थांबता. मध्ये एकदा कंबर दुखली, पण ती पूर्वीसारखी नव्हती, असे त्यांनी तोलून मापून सांगितले. गाडी अजून विकलेली नाही. मुलगा अजून म्हणतो आहे. पुढचे त्यांच्या घरचे.

मात्र एक गोष्ट आमच्याकडून राहिली होती. दुसऱ्या वेळी सरांनी फक्त चालकाची सीट आणली होती, आणि शेजारच्या सीटमध्ये आमची फळी तशीच होती. आम्ही सांगितले होते, तर ते म्हणाले होते, तिथे कोण बसतं? गेल्या आठवड्यात ते स्वतःच ती घेऊन आले. बाईंना आंबोलीला जायचे आहे. पूर्वी त्या या गाडीत बसायच्या, मग पाठीमुळे बसायच्या बंद झाल्या, हे आम्हाला त्या दिवशी कळले.

सीट आत्ता फळकुटावर उलटी पडली आहे. धाकट्याने खालचे टाके उसवले आहेत. अब्बा ठाणांवरून उठून आले, चष्मा कपाळावर ढकलला आणि खोळीच्या फटीतून हात कोपरापर्यंत आत घातला.

“आहे,” ते म्हणाले. “काढा ती आधी.”